तलावकाठच्या घरांतील किडींचा बंदोबस्त

भंडारा व गोंदिया हे तलावांचे जिल्हे म्हणून प्रसिद्ध आहेत. नवेगावबांध, शिवनीबांध, बोदलकसा, चोरखमारा यांसारखे मोठे जलाशय आणि गावोगावचे मालगुजारी तलाव यांच्या आधारावर येथील धानशेती पिढ्यान् पिढ्या उभी आहे. कोहळी समाजाच्या कष्टाळू हातांनी बांधलेले हे तलाव म्हणजे या भागाची लक्ष्मीच होय. परंतु पाण्याच्या या सान्निध्याबरोबर दमट हवाही घरात येते. मृगापासून दसऱ्यापर्यंत भिंती ओलसर राहतात, पोती सादळतात, आणि उन्हाळ्यात निर्धास्तपणे कोठीत भरलेल्या धान्यात किडींची वस्ती होते. वर्षभर घाम गाळून मिळविलेले पीक शेतात राखावे आणि घरात गमवावे, यासारखी दुसरी हानी नाही. सबब घरकिडींचा बंदोबस्त हा शेतीच्या कामाचाच भाग समजला पाहिजे.

कीड का वाढते?

किडीला अन्न, ओल, ऊब व आडोसा या चार गोष्टी लागतात. तलावकाठच्या घरात ऊब व ओल निसर्गतःच असते. अन्न व आडोसा मात्र आपण पुरवितो. सोंडकिड्याचे उदाहरण घ्यावे. मादी आपल्या सोंडेने दाण्यास छिद्र पाडून त्यात अंडे घालते व छिद्र बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आत वाढते आणि सुमारे एका महिन्यात पूर्ण वाढलेला किडा बाहेर पडतो. एक मादी आपल्या आयुष्यात तीनशेच्या आसपास अंडी घालू शकते. म्हणजे आषाढात दिसलेल्या थोड्या किड्यांकडे दुर्लक्ष केल्यास अश्विनापर्यंत त्यांच्या तीन-चार पिढ्या होतात. वरून चांगला दिसणारा दाणा आतून पोकळ असू शकतो, ही गोष्ट विसरू नये. मात्र धान्य पुरेसे कोरडे असेल, तर हाच किडा वाढू शकत नाही. म्हणून कोरडेपणा हे पहिले औषध होय.

धान्याची साठवण

1. धान पातळ थरात पसरून व वारंवार हलवून वाळवावे. कडक उन्हात एकदम वाळविल्यास दाण्यास तडे जातात व भरडताना कणी अधिक पडते. धानाचा ओलावा 12 ते 13 टक्क्यांपर्यंत खाली आणावा. कडधान्ये त्याहूनही कोरडी, म्हणजे 9 टक्क्यांच्या आसपास असावीत. दाणा दाताखाली धरला असता कट् असा आवाज होऊन तुटला, तर तो वाळला असे ढोबळमानाने समजावे. चेपला गेल्यास आणखी ऊन द्यावे.

2. उन्हात तापलेले धान्य तसेच कोठीत भरू नये. रात्री कोठीचा पत्रा थंड होतो, गरम धान्यातील वाफ त्यावर जमून पाणी होते व त्या जागी बुरशी धरते. धान्य निवल्यावरच भरावे.

3. जुन्या धान्यावर नवे धान्य कधीही ओतू नये. कोठी रिकामी करून झाडावी, फटी लिंपाव्यात, झाडलेला कचरा जाळावा. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावीत. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून हातभर दूर रचावीत.

4. वर्षभराचे तांदूळ एकदम भरडून ठेवू नयेत. टरफल शाबूत असलेल्या धानास सोंडकिडा सहजासहजी लागत नाही. तांदळास मात्र तत्काळ लागतो. महिना-दीड महिना पुरेल इतकेच भरडणे हिताचे.

5. तूर, मूग, हरभरा यांस लागणारा भुंगेरा पुष्कळदा शेतातूनच घरी येतो. खाण्याच्या कडधान्याची शक्य तितकी डाळ करून ठेवावी, कारण हा भुंगेरा अखंड दाणा पसंत करतो. अखंड ठेवावयाच्या दाण्यास किलोमागे सुमारे 5 मिलिलिटर खाद्यतेल चोळावे. वाळलेला कडुनिंबाचा पाला किडीस काही अंशी दूर ठेवतो. परंतु ओला पाला घातल्यास ओल वाढून उलट नुकसान होते.

6. शेणमातीने लिंपलेली बांबूची कणगी हवेतील ओल शोषून घेते. पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी, अथवा मातीच्या दुहेरी भिंतीत प्लास्टिकचा थर घातलेली पुसा कोठी अधिक चांगली. हवाबंद कोठीत कोरडे धान्य काठोकाठ भरल्यास आतील किडी प्राणवायूअभावी मरतात.

डास

अ‍ॅनोफिलिस डास धानाच्या बांध्या, डबकी व तलावाच्या काठचे स्वच्छ पाणी यांत वाढतो व रात्री चावून हिवताप पसरवितो. क्यूलेक्स डास सांडपाण्यात वाढतो. पूर्व विदर्भात आढळणारा हत्तीपाय रोग तोच पसरवितो. डेंग्यूचा एडिस डास मात्र आपल्या घरातच, म्हणजे रांजण, टाकी, कूलर व टाकून दिलेली टायरे यांतील पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास होण्यास साधारणपणे सात ते दहा दिवस लागतात. यास्तव आठवड्यातून एक दिवस ठरवून सर्व भांडी रिकामी करावीत. केवळ पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेस चिकटून कोरड्या स्थितीतही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून भांडे आतून घासावे.

बंदिस्त टाक्यांत गप्पी मासे सोडण्यास हरकत नाही. परंतु हे परदेशी मासे मालगुजारी तलावात सोडू नयेत. तलावातील देशी मासे डासांच्या अळ्या खातातच, आणि त्यांच्यावर ढीवर बांधवांची उपजीविका अवलंबून आहे.

झुरळ, वाळवी व उंदीर

झुरळांसाठी बोरिक पावडर, साखर व कणीक समभाग घेऊन गोळ्या कराव्यात व मुलांच्या हातास लागणार नाहीत अशा फटीत ठेवाव्यात. रात्री उष्टी भांडी व उघडे पाणी राहू देऊ नये. वाळवी जमिनीतून मातीच्या नळीवाटे चढते. नळी मोडल्यानंतर तिचे मूळ ठिकाण शोधून उपचार करावा, व सरपण भिंतीस टेकवून रचू नये. उंदरांसाठी घरात विषापेक्षा पिंजरा बरा. दाराखालील अर्धा इंच फटही त्यांना पुरते, म्हणून तेथे पत्रा ठोकावा. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग होतो. पायास जखम असल्यास बांधीत उतरण्यापूर्वी ती झाकावी.

विषारी औषधांविषयी इशारा

पूर्वी धान्यात व घरात सर्रास वापरली जाणारी बीएचसी पावडर 1997 पासून आपल्या देशात बंद आहे, आणि डीडीटीचा शेतीतील वापर 1989 मध्येच बंद करण्यात आला. जुन्या घरात असा डबा आढळल्यास तो वापरू नये.

सर्वांत मोठा धोका अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा आहे. हवेतील ओल लागताच या गोळीतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो. आपल्या दमट हवेत तो झपाट्याने सुटतो, आणि दाराच्या फटींतून शेजारच्या खोलीत पोहोचतो. त्यावर नेमका असा उतारा नाही. ज्या घरात माणसे निजतात, त्या घरातील धान्यात ही गोळी कदापि ठेवू नये. कायद्यानेही तिचा वापर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचा आहे. एका पोत्याच्या लोभाने घरातील लेकरू गमावण्याचा प्रसंग कोणावरही येऊ नये. मळमळ, उलटी, छातीत दुखणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसताच सर्वांना मोकळ्या हवेत आणावे व औषधाच्या वेष्टनासह तत्काळ रुग्णालय गाठावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ व्याख्यान देऊन थांबू नये. मे महिन्यात एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात धान्य वाळविणे व कोठी साफ करणे यांचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. घरातील धान्य गृहिणींच्या हाती असते. सबब त्यांना या प्रात्यक्षिकास अगत्याने बोलवावे. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मूठभर धान्य पांढऱ्या कापडावर पसरून पाहण्याची सवय लावावी. शाळेतील मुलांना पाण्यातील अळ्या दाखवाव्यात. पृष्ठभागाशी समांतर पडून राहणारी अळी अ‍ॅनोफिलिसची, डोके खाली करून लोंबकळणारी इतर डासांची, हे मुले चटकन ओळखू लागतात.

शेतकरी बंधूंनो व भगिनींनो, या उपायांपैकी बहुतेकांस पैसा लागत नाही; लागते ती वेळेवर केलेली मेहनत. रोहिणीच्या उन्हात घेतलेले दोन दिवसांचे कष्ट वर्षाचे अन्न व पुढील हंगामाचे बियाणे राखतील.