खुंटावरचा किल्ला

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी व मोशी ही गावे मागे टाकतो, इंद्रायणी ओलांडतो आणि चाकणला पोचतो. एके काळी हा सारा शेतीवाडीचा मुलूख होता. 1954 साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कंपनीची स्थापना झाली. पुढे एकामागून एक कारखाने आले, कामगारांच्या वसाहती वसल्या आणि 1982 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. कालांतराने चाकणच्या माळावरही मोटारींचे कारखाने उभे राहिले. माणसे वाढली, वाहने वाढली, रस्ते रुंद करावे लागले. आणि रस्ता रुंद झाला की काठची झाडे जातात. ज्या गावाच्या नावात चिंच आणि वड दोन्ही नांदतात, त्या गावालाही हे चुकले नाही. नागरी भागातील वृक्षांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात 1975 साली कायदा झाला. परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. तरीही वसाहतीच्या कोपऱ्यात किंवा शाळेच्या आवारात एखादा खुंट उभा दिसतोच.

खुंट म्हणजे मेलेले लाकूड, अशी पुष्कळांची समजूत असते. ती नेहमीच खरी नसते. नारळाचा किंवा ताडाचा शेंडा तुटला की ते झाड संपते. परंतु वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब, चिंच यांचे तसे नाही. खोड तोडले तरी जमिनीखाली मुळे शाबूत असतात आणि त्यांत अन्नाचा साठा असतो. सालीखालचा पातळ थर जिवंत राहिला, तर त्या साठ्याच्या बळावर खुंटाला नवे धुमारे फुटतात. म्हणून खुंटाला हात लावण्यापूर्वी त्याची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा ओलावा दिसला, तर खुंट जिवंत आहे असे समजावे. अशा खुंटावर माती चढवू नये. त्याच्याभोवती काटक्यांचे कुंपण घालून एक पावसाळा वाट पाहावी. धुमारे फुटले, तर त्यांतील एकदोन सशक्त राखावेत. त्यांतूनच पुन्हा झाड उभे राहते.

खुंट खरोखरच वाळला असेल, तरीही तो उपटून जाळण्याची घाई करू नये. अशा खुंटाचेही सुंदर उपवन करता येते. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यातील बिडल्फ ग्रेंज येथे 1856 साली उपटलेले बुंधे रचून त्यांच्या फटींत नेचे लावण्यात आले आणि तशा बागांची तेथे आवड निर्माण झाली. त्या देशातील मुले खुंटावर परीचे घरकुल मांडतात. महाराष्ट्रातील मुलांना मात्र परी शोधावी लागत नाही. दिवाळी आली की अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, तटावर मोहरी आणि अळीव उगवतात, वाटेवर मातीचे मावळे पहारा देतात आणि सर्वांत वर शिवाजी महाराज विराजमान होतात. हाच किल्ला खुंटावर उभारता येतो.

खुंट बुटका आणि रुंद असतो. त्यावर डोंगरी किल्ल्यापेक्षा भुईकोट अधिक शोभतो. असा भुईकोट पाहण्यासाठी दूर जावयास नको. चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोटच आहे. त्याला डोंगराचा आधार नव्हता. त्याची सारी भिस्त तट, खंदक आणि माणसे यांवर होती. 1660 साली शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेने त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर लोकांनिशी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. अखेर शत्रूने भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला, तेव्हाच किल्ला पडला. खानाने चाकरी देऊ केली. परंतु फिरंगोजींनी ती नाकारली आणि ते महाराजांकडे परतले.

संग्रामदुर्गाची प्रतिकृती करताना खुंटाचा मऊ झालेला गाभा मोठ्या माणसांच्या मदतीने पटाशीने कोरावा आणि कडेला दोन बोटे जाडीचा काठ ठेवावा. हाच किल्ल्याचा तट. पाणी साचू नये म्हणून एका बाजूस भोक पाडावे. तळाशी खापऱ्यांचे तुकडे पसरून वर माती व शेणखत भरावे. सावली असेल तर नेचे लावावेत, ऊन असेल तर चिनी गुलाब लावावा. मोहरी पेरली की चारपाच दिवसांत तटाच्या आत हिरवळ दिसू लागते. पायथ्याशी गोल चर खणला की खंदक झाला. सिमेंट आणि तेलरंग मात्र वापरू नयेत. खुंट हे अनेक जीवांचे घर असते. बुरशी त्याचे लाकूड पचवते, भुंगेऱ्यांच्या अळ्या ते पोखरतात आणि मुंग्या त्यात बिऱ्हाड करतात. सिमेंटने त्यांची वाट बंद होते. खुंट सार्वजनिक जागेत असेल, तर प्रथम संबंधितांची परवानगी घ्यावी.

असा किल्ला कायमचा टिकत नाही. काही पावसाळ्यांनंतर तट खचतो, काठ भुसभुशीत होतो आणि लाकडाची माती होऊ लागते. त्याचे दुःख मानण्याचे कारण नाही. ज्या झाडाने अनेक वर्षे सावली दिली, ते आता मातीला आपले सत्त्व परत करत असते. पाखरांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे किंवा वडाचे बी अशा फटीत पुष्कळदा रुजते. एखाद्या सकाळी मावळ्यांच्या रांगेत तांबूस कोवळी दोन पाने दिसली, तर मावळ्यांनी बाजूला सरावे. किल्ला ज्यासाठी राखला, तो धनी परत आलेला असतो.

स्वाध्याय
1. खुंट जिवंत आहे की नाही, हे कसे ओळखावे?
2. भुईकोटाला संरक्षणासाठी कशाचा आधार असतो?
3. आपल्या परिसरातील एखादा खुंट पाहा. त्यावर कोणकोणते जीव राहतात, ते वहीत लिहा.