पर्यटकांची गर्दी आणि कारागिराचा गल्ला : युरोपातील धोरणांचा एक अभ्यास

बाजारात गर्दी झाली म्हणजे धंदा झालाच असे नाही, हे आमच्या व्यापारी बंधूंना वेगळे सांगायला नको. ईदच्या आधीच्या आठवड्यात रस्ता माणसांनी फुलून जातो. पण त्यातले किती जण दुकानाची पायरी चढले आणि किती जण नुसता भाव विचारून पुढे गेले, याचा हिशेब रात्री गल्ला मोजताना लागतो. हाच प्रश्न आज युरोपातील मोठमोठ्या शहरांपुढे उभा आहे. तेथे नगरपालिका, प्रांत, देशाचे सरकार आणि त्यावर युरोपीय संघ अशा चार पातळ्यांवर त्यासाठी कायदे, कर आणि करार चालू आहेत. अजिंठा-वेरूळच्या वाटेवर, महाबळेश्वरात किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर ज्यांचे दुकान आहे, किंवा ज्यांच्या हातचा माल तेथे विकला जातो, त्यांनी हा विषय परका समजू नये.

प्रथम आकडे पाहू. २०२४ साली जगभरात सुमारे १४० कोटी लोकांनी परदेश प्रवास केला. त्यापैकी ७४ कोटींहून अधिक लोक युरोपात गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त. एकट्या फ्रान्समध्ये १० कोटी आणि स्पेनमध्ये सुमारे ९ कोटी ४० लाख. फ्रान्सची स्वतःची लोकसंख्या सात कोटींच्या आत आहे. म्हणजे घरातल्या माणसांपेक्षा पाहुणे जास्त.

आता या पाहुण्यांची व्यवस्था कोण लावतो? आपल्याकडे पुष्कळांची समजूत अशी की युरोपीय संघाने ब्रसेल्सहून हुकूम काढला की सगळे देश तो पाळतात. पर्यटनाच्या बाबतीत तसे नाही. लिस्बनचा करार १ डिसेंबर २००९ रोजी अमलात आला, तेव्हा पर्यटनासाठी १९५ वे कलम आले. त्यात संघाला एवढाच अधिकार दिला आहे की पर्यटन धंद्याला अनुकूल वातावरण करावे आणि सदस्य देशांत सहकार्य वाढवावे. देशांचे पर्यटनविषयक कायदे एकसारखे करण्याचा अधिकार त्याला नाही, असे त्या कलमातच म्हटले आहे. त्यामुळे संघाने जे केले ते बहुतेक बाजूच्या दारांनी केले. आगाऊ पैसे घेऊन सहली विकणाऱ्या कंपन्यांवर ग्राहकाची जबाबदारी टाकणारा नियम १९९० चा. समुद्रस्नानाच्या पाण्याची तपासणी १९७६ पासूनची. हद्दीवरची पासपोर्ट तपासणी काही देशांनी १९९५ पासून उठवली आणि २००२ मध्ये युरोच्या नोटा हातात आल्या. यातले एकही काम पर्यटन खात्याचे नाही, पण पर्यटकाला याच गोष्टींनी सोय झाली.

युरोपीय आयोगाने जून २०१० मध्ये जे धोरणपत्र काढले त्यात दोन शब्द जोडीने येतात, स्पर्धाक्षम आणि शाश्वत. पहिल्याचा अर्थ, गिऱ्हाईक दुसऱ्या पेठेत जाऊ नये. दुसऱ्याचा अर्थ, आजच्या गिऱ्हाइकासाठी उद्याची पेठ मोडू नये. कागदावर हे दोन्ही शब्द शेजारी छान बसतात. व्यवहारात मात्र ते एकमेकांना ढकलतात. ते कसे, हे स्पेनच्या बालेआरिक बेटांवर दिसले.

मायोर्का, इबिझा वगैरे ही बेटे. तेथील प्रांतिक सरकारने २००१ मध्ये पर्यावरण कराचा कायदा केला आणि २००२ च्या मे महिन्यापासून वसुली सुरू केली. माणशी एका रात्रीला सरासरी एक युरो. रक्कम किरकोळ होती, पण हॉटेलवाले खवळले. त्यांच्या तक्रारीतला एक मुद्दा आम्हाला रास्त वाटतो. कर फक्त नोंदणी असलेल्या हॉटेलांवर होता, आणि विनानोंदणी घरे भाड्याने देणारे मोकळे सुटले होते. म्हणजे जो वहीखाते ठेवतो त्याच्यावर बोजा आणि जो ठेवत नाही त्याला सूट. शिवाय शेजारच्या किनाऱ्यांवर हा कर नव्हता. २००३ मध्ये सरकार बदलले आणि त्याच वर्षी कर रद्द झाला.

२०१६ च्या जुलैमध्ये तोच कर पुन्हा आला. या खेपेला भाड्याची घरेही त्याच्या कक्षेत घेतली. पैसा कोठे खर्च करायचा हे ठरविण्यासाठी समिती नेमली, तीत बेटांच्या परिषदा, नगरपालिका, धंदेवाल्यांच्या संघटना, कामगार आणि पर्यावरणवाले असे सगळे बसतात. विरोध संपला असे नाही. पण कर टिकला, २०१८ मध्ये दरही दुप्पट झाले. पहिल्या वेळी कोणी बरोबर घेतले नव्हते आणि दुसऱ्या वेळी बैठकीत जागा दिली, हाच आमच्या मते मोठा फरक.

व्हेनिसचे प्रकरण अधिक बोलके आहे. पाण्यात वसलेल्या या जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली आला. घरे पर्यटकांना भाड्याने गेली, वाणी आणि न्हावी यांच्या जागी मुखवटे व चुंबकाची चित्रे विकणारी दुकाने आली. तेथे येणाऱ्यांत मोठा भाग दिवसापुरता येणाऱ्यांचा असतो. सकाळी रेल्वेने किंवा बसने यायचे, बरोबरच्या पिशवीतले खायचे, फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत. कचरा उचलण्याचा खर्च शहराचा, कमाई दुसऱ्या गावच्या हॉटेलाची.

नगरपालिकेला अशा लोकांकडून प्रवेश शुल्क घ्यायचे होते. पण नगरपालिकेला नवा कर आपल्या मर्जीने बसविता येत नाही, त्यासाठी देशाच्या संसदेची परवानगी लागते. ती २०१८ च्या अखेरीस मिळाली. नंतर महापूर, कोविडची साथ आणि तारखांवर तारखा असे होत प्रत्यक्ष वसुली २५ एप्रिल २०२४ रोजी सुरू झाली. त्या वर्षी निवडक २९ दिवस, सकाळी साडेआठ ते दुपारी चार, माणशी पाच युरो. शहरात रात्र काढणाऱ्याला माफी, कारण तो हॉटेलात वेगळा कर भरतोच. २०२५ मध्ये दिवस वाढवून ५४ केले आणि जो ऐन वेळी नाव नोंदवील त्याला दहा युरो. पहिल्या वर्षी तिजोरीत सुमारे २४ लाख युरो पडले. गर्दी मात्र त्यामानाने फारशी हटली नाही, अशी टीका शहरातूनच झाली. पाच युरो वाचविण्यासाठी कोण व्हेनिस पाहायचे सोडतो?

मोठ्या प्रवासी जहाजांचा प्रश्न त्याहून वरचा. मार्ग आणि बंदर देशाच्या सरकारच्या अखत्यारीत, म्हणून वर्षानुवर्षे नुसत्या चर्चा झाल्या. युनेस्कोने धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत नाव टाकण्याचा इशारा दिला, तेव्हा कोठे रोमच्या सरकारने हुकूम काढला आणि १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरील जहाजांना शहराच्या मुख्य कालव्याने जाणे बंद झाले.

आता आमच्या कारागीर वाचकांच्या जवळचा भाग. व्हेनिसच्या शेजारी मुरानो नावाचे बेट आहे. आगीच्या भीतीने १२९१ साली काचेच्या भट्ट्या शहरातून तेथे हलविल्या, तेव्हापासून हे काचकाम्यांचे गाव. उस्ताद आणि त्याचे मदतनीस फुंकणीने काच फुगवतात, चिमट्याने आकार देतात. भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, मध्येच विझवली तर आतले भांडे तडकते. फिरोजाबादच्या बांगड्यांची भट्टी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे समजेल. २०२१-२२ मध्ये गॅसचे दर कित्येक पटींनी चढले, तेव्हा अनेकांना भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या आणि केंद्र व प्रांत सरकारला मदतीचा निधी काढावा लागला.

पण गॅसपेक्षा जुने दुखणे नकली मालाचे. व्हेनिसच्या गल्ल्यांत जी काचेची फुले, प्राणी आणि माळा मांडलेल्या असतात, त्यांतला पुष्कळ माल चीनमधून आणि इतर ठिकाणांहून येतो. दिवसापुरत्या आलेल्या पर्यटकाला फरक कळत नाही, आणि कळून घ्यायला त्याच्याकडे वेळही नाही. तो स्वस्त ते उचलतो. मग खऱ्या कारागिराने दहापट किंमत सांगितली की त्यालाच लबाड समजले जाते. यंत्रमागावरची साडी हातमागाची पैठणी म्हणून विकली जाते तेव्हा आपल्याकडेही हेच घडते. स्पष्ट बोलायचे तर नकली माल बाहेरून येतो खरा, पण तो विकणारा दुकानदार गावातलाच असतो.

यावर व्हेनेतो प्रांताने १९९४ मध्ये कायदा करून 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो' ही नाममुद्रा काढली. बेटावर बनलेल्या वस्तूवर चिकटपट्टी लावायची, तीवर बनविणाऱ्याचा क्रमांक. नाममुद्रा प्रांताच्या मालकीची आणि कारभार कारागिरांच्या संघाकडे, ही वाटणी आम्हाला पसंत पडली. सरकारकडे शिक्का आहे आणि माल ओळखण्याची नजर कारागिराकडे. उणीव अशी की भाग घेणे ऐच्छिक आहे, सगळ्या भट्ट्या त्यात नाहीत, आणि प्रांताचा कायदा प्रांताबाहेरच्या दुकानदाराला काय करणार? पोलीस अधूनमधून छापे घालून खोटा माल जप्त करतात, तो पुन्हा येतो.

बार्सिलोनाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९९२ च्या ऑलिंपिकनंतर शहर जगाच्या नजरेत भरले. १९९३ मध्ये नगरपालिका आणि व्यापारी मंडळ यांनी मिळून पर्यटनाच्या प्रचारासाठी संयुक्त संस्था काढली. प्रचार इतका फळला की शहरातील बोकेरिया या जुन्या भाजी-मासळी बाजारात गाळ्यांपुढे फोटो काढणाऱ्यांच्या रांगा लागल्या आणि रोजच्या गिऱ्हाईक बायांना पिशवी घेऊन आत शिरता येईना. गाळेवाल्यांच्या तक्रारीनंतर २०१५ मध्ये शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी आठ ते दुपारी तीनपर्यंत पंधरा किंवा अधिक पर्यटकांच्या गटांना मनाई झाली. दरम्यान अनेक गाळेवाल्यांनी भाजी सोडून फळांचे रस आणि कापलेल्या फोडींचे पेले विकायला घेतले होते. धंदा बदलण्याचा त्यांना हक्क आहे, पण मग जुने गिऱ्हाईक गेले म्हणून रडता येत नाही. २०१६ मध्ये नगरपालिकेने रहिवासी, व्यापारी व कामगार यांची पर्यटनविषयक सल्लागार परिषद नेमली. २०२४ च्या जूनमध्ये तर शहरातील १०,१०१ पर्यटक-घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपविण्याचा निर्णय जाहीर झाला. अशा घरांची नोंदणी आणि त्यांची जाहिरात करणाऱ्या कंपन्यांनी सरकारला माहिती देणे यासाठी युरोपीय संघाने २०२४ मध्ये नियम केला, तो लागू होण्याची तारीख २० मे २०२६.

आता पुन्हा मुरानोच्या चिकटपट्टीकडे येऊ, कारण प्रांताला जे जमले नाही ते संघाच्या पातळीवर हाती घेतले गेले आहे. खाद्यपदार्थांच्या गावनावांना, म्हणजे अमुक गावचे चीज, तमुक गावचे तेल, यांना संघाने १९९२ पासून संरक्षण दिले होते. काच, चिनी माती, कापड, सुऱ्या-कात्र्या यांना ते नव्हते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नवा नियम झाला आणि १ डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. त्याप्रमाणे हस्तकला व कारखानी वस्तूंच्या भौगोलिक नावाची, आपण ज्याला जी.आय. म्हणतो त्याची, नोंद स्पेनमधील आलिकान्ते येथील युरोपीय बौद्धिक संपदा कार्यालयात होते. एकदा नोंद झाली की सत्तावीसही देशांत आणि इंटरनेटवरील विक्रीतही तिचे संरक्षण मिळते. अर्ज उत्पादकांच्या गटाने करायचा. निदान एक तरी टप्पा त्या भागातच पार पडला पाहिजे.

आमच्या वाचकांसाठी महत्त्वाची गोष्ट ही की संघाबाहेरील देशांतील उत्पादकही अर्ज करू शकतात, थेट किंवा आपल्या सरकारमार्फत. अट अशी की ते नाव मूळ देशात संरक्षित असले पाहिजे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्रादा कंपनीने कोल्हापुरी घाटाच्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा येथे केवढा गदारोळ झाला हे वाचकांना आठवत असेल. नंतर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. पण भारतातील जी.आय. भारताच्या हद्दीपुरतीच, तिच्या जोरावर इटलीत काही करता आले नसते. कोल्हापुरी चपलेला ही नोंद २०१९ मध्ये मिळाली आहे, महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांच्या संयुक्त नावाने, दोन्ही राज्यांतील आठ जिल्ह्यांसाठी. म्हणजे युरोपातील अर्जाची पहिली अट पुरी झालेली आहे. पुढे लागते ते वस्तूचे लेखी वर्णन : चामडे कोणते, ते कमावायचे कसे, शिवण कशाची, कोणता टप्पा कोणत्या गावात होतो, आणि त्या गावाचा त्या गुणाशी संबंध काय. पैठणी, सोलापुरी चादर यांच्या उत्पादकांनाही अर्ज करायचा असेल तर हेच कागद तयार करावे लागतील.