नावेत पाय ठेवण्याआधी

मंडळी, आपला येरमाळा बालाघाटाच्या डोंगराळ मुलखातला गाव. इथे पाऊस कमी. आपले पाणी विहिरीत, बारवेत, नाहीतर पाझर तलावात. ते पाणी आपल्या ओळखीचे असते. कुठे पायरी आहे, कुठे खोल आहे, हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण ज्या पाण्याचा पलीकडचा काठ नीट दिसत नाही, तशा पाण्यावर नावेतून जायचे म्हटले की आपण नवखे ठरतो. या धड्यात आपण अशाच एका सहलीची माहिती घेऊ.

उजनीचे पाणी

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात उजनी येथे भीमा नदीवर मोठे धरण आहे. ते १९८० साली पुरे झाले. धरणाच्या मागे पसरलेल्या पाण्याला यशवंतसागर असे नाव आहे. हे पाणी सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांत लांबवर पसरले आहे. धरण पूर्ण भरले की त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.

या पाण्याखाली गावे गेली, शेते गेली. पळसदेव गावचे जुने देऊळही पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी फार खाली उतरले की ते देऊळ पुन्हा दिसू लागते. तेव्हा वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याच्या पोटात भिंती आहेत, झाडांची खोडे आहेत, जुन्या विहिरी आहेत, हे ध्यानात ठेवावे.

येरमाळ्याहून बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी असे करत पुण्याच्या रस्त्याने भिगवणला जाता येते. भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ अशी गावे काठाला आहेत. तिथले मच्छीमार हिवाळ्यात पाहुण्यांना आपल्या होडीतून पक्षी दाखवायला नेतात. मासे धरणाऱ्याला त्यामुळे चार पैसे जास्तीचे मिळतात.

पक्षी तरी किती! रोहित नावाचा उंच पायांचा, गुलाबी पंखांचा पक्षी इथे थव्याने येतो. तो चोच उलटी करून पाण्यात घालतो आणि चिखलपाणी गाळून त्यातले बारीक किडे व शेवाळ खातो. त्या खाण्यामुळेच त्याच्या पंखांना गुलाबी रंग चढतो. पट्टकादंब नावाचे हंसासारखे पक्षी हिमालय ओलांडून येतात. चित्रबलाक असतात, शेकाटे असतात. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा एक पाणपक्षी आहे. त्याचे नाव वारकरी! कपाळावर गंध लावल्यासारखे दिसते, म्हणून लोकांनी ते नाव दिले असावे.

सकाळच्या उन्हात हे सारे बघताना माणूस हरखून जातो. जरूर बघावे. पण आधी पुढचे वाचावे.

दोन घटना

२१ मे २०२४ ची गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. करमाळा तालुक्यातल्या कुगाव येथून एक होडी इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघाली. तीत सात माणसे होती. ती सहलीला निघाली नव्हती, पलीकडच्या काठाला चालली होती. वाटेत एकाएकी जोराचा वारा सुटला. लाटा उठल्या आणि होडी उलटली. एकजण पोहत काठाला लागला. सहाजण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती.

त्याच वर्षी, १८ जानेवारीला, गुजरातेत बडोदे शहरातल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका दगावल्या. नावेत नेमापेक्षा जास्त माणसे बसवली होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते.

पहिल्या घटनेत वारा होता. दुसऱ्या घटनेत गर्दी होती. दोन्ही गोष्टी काठावर उभे असतानाच ओळखता येतात. नावेत बसल्यावर मात्र फारसे काही हातात राहत नाही.

नाव तरते कशी, उलटते कशी?

रिकामी घागर पाण्यात सोडा. ती तरंगते. तीत थोडे पाणी घाला. ती खाली बसते, तरी तरंगते. आणखी घाला. आता तिचे तोंड पाण्याला टेकले. एक लहानशी लाट आली की संपले, घागर तळाला जाते. नावेचे असेच आहे. जितकी माणसे जास्त, तितकी नाव खोल बसते आणि तिचा काठ पाण्याच्या जवळ येतो. मग थोड्या लाटेनेही पाणी आत येते.

आता बैलगाडी आठवा. गाडी भरताना जाणता माणूस ओझे सारखे वाटून ठेवतो. मागे जास्त भरले तर गाडी उलाळ होते, बैलांच्या गळ्याला ओढ बसते. नाव चारी अंगांनी उलाळ होऊ शकते. सगळे एका बाजूला झुकले की ती त्या बाजूला कलते. माणसे उभी राहिली की ओझे उंच होते आणि ती आणखी डळमळते.

यात्रेच्या दिवसांत आपण जीपला लोंबकळून येतो. "बसा, बसा, आत सरका," असे म्हणत आणखी दोघांना घेतो. ती सवयही वाईटच. पण जीप बिघडली तर खाली रस्ता असतो. नावेखाली रस्ता नसतो.

काठावर काय विचारावे?

समजा, आपल्या गावची नऊ माणसे गेली आहेत. त्यांत एक मावशी आहेत, त्या नुकत्याच लिहा-वाचायला शिकल्या आहेत. त्या आणि नावाडी यांचे बोलणे ऐका.

"दादा, होडी कितीला?"

"सगळ्या होडीचं भाडं सांगू का माणशी सांगू, मावशी?"

"दोन्ही सांगा. आणि किती वेळ फिरवणार तेही सांगा. पक्ष्यांपर्यंत नेऊन आणणार ना?"

"व्हय. तास-दीड तास लागंल."

"बरं. होडीत माणसं किती बसतात?"

"बसतात की समदी. नऊच तर हायेत तुम्ही."

"बसतात किती ते नाही विचारलं. बसवायची किती? ते होडीवर ६ लिहिलंय बघा. मी वाचलं."

"आता लेकरं बारकी हायेत, त्यात काय एवढं."

"लेकरू बारकं असलं तरी जीव एकच असतो, दादा. आम्ही दोन फेऱ्या करू. पैसे जास्त पडले तर पडू द्या. आणि जॅकेटं काढा आधी, सगळ्यांना."

मावशींनी काय केले ते पाहा. भाडे आधी ठरवले. भाडे होडीचे की माणशी, किती वेळाचे, जाऊन-येऊन की कसे, सारे बोलून घेतले. त्यामुळे मागून तंटा होत नाही. होडीवरचा आकडा स्वतः वाचला. आकडा नसता तर त्यांनी आणखी एका नावाड्याला विचारले असते. माणसे मोजताना नावाडी आणि लेकरेही धरावीत.

सगळ्यांत अवघड काम त्यांनी शेवटी केले. चार पाहुण्यांसमोर "नको" म्हटले. सोबतचे म्हणतात, "एवढ्या लांबून आलो, आता काय भिता?" तेव्हा गप्प बसून चढणे सोपे असते. पण गेलेले भाडे पुन्हा मिळवता येते. गेलेले माणूस कुठून आणणार?

नावाडी दारू प्यालेला दिसला, होडीत पाणी साचलेले दिसले, किंवा जॅकेटे पुरेशी नसली, तर त्या होडीत बसू नये. चांगला नावाडी असे विचारल्यावर रागावत नाही. पाणी त्यालाही ठाऊक असते.

लाइफ जॅकेट

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधत. लाइफ जॅकेट हा तसाच भोपळा समजा. त्यात हलके, तरंगणारे फोम भरलेले असते. ते माणसाला वर धरून ठेवते. ज्याला पोहता येते त्यानेही ते घालावे. डोक्याला मार लागला, कपडे पायांत अडकले, की पट्टीचा पोहणाराही बुडतो.

जॅकेट काठावरच घालावे. "लागलं तर घालू" म्हणून मांडीवर ठेवू नये, बुडाखाली घेऊ नये. सगळे पट्टे आवळून लावावेत. मग दुसऱ्याने खांद्याजवळ धरून ते वर ओढून पाहावे. जॅकेट कानापर्यंत वर आले तर ते सैल आहे. लेकराला लेकराच्याच मापाचे घालावे. मोठ्याचे घातले तर पाण्यात ते वर निघते आणि लेकरू खाली राहते. बायांनी पदर कमरेला घट्ट खोचावा आणि त्यावर जॅकेट चढवावे.

नावेत बसल्यावर

एकेकाने चढावे, मधोमध पाय ठेवावा आणि लगेच खाली बसावे. जड माणसे दोन्ही बाजूंना सारखी वाटून बसवावीत. हात बाहेर सोडू नये. "तो बघा रोहित!" अशी हाक आली तरी बसल्या जागेवरून पाहावे. मोबाइलवर फोटो काढायला उभे राहू नये.

पक्ष्यांच्या फार जवळ नेण्याचा हट्टही धरू नये. थवा उडालेला छान दिसतो खरा. पण पक्षी तिथे पोट भरायला आलेले असतात. दर होडीने त्यांना उडवले तर ते खातील कधी?

वारा आणि आभाळ

उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला झाड नाही, टेकाड नाही. वारा जितका लांब धावतो, तितक्या लाटा मोठ्या होतात. वैशाख-ज्येष्ठात दुपारनंतर वळवाचे आभाळ कसे एकाएकी येते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून सकाळी जावे. ढग काळे झाले, पलीकडे धूळ उठली, गार झुळूक आली, की नाव काठाला घ्यायला सांगावे. अर्धीच फेरी झाली असली तरी सांगावे. विजा चमकत असतील तर पाण्यावर जाऊच नये.

नाव उलटलीच तर?

उलटलेली होडीही बऱ्याचदा तरंगत राहते. ती तरंगत असेल तर तिला धरून राहावे. काठ जवळ दिसतो, पण तो असतो लांब. तिकडे पोहत सुटू नये. लेकरांना जवळ घ्यावे. ओरडून, शिट्टी वाजवून मदत मागावी.

काठावरच्या माणसाने एकदम उडी टाकू नये. बुडणारा गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. दोर, लांब काठी, धोतर, साडी, झाकण लावलेला रिकामा डबा, जे हाताला लागेल ते फेकावे. मोबाइलवरून ११२ ला फोन करावा. दवाखान्याच्या गाडीसाठी १०८.

बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास बंद असेल, तर ज्याने शिकून घेतले आहे त्याने लगेच तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. उलटे धरून गरागरा फिरवू नये.

अभ्यास

१. मोठ्याने वाचा :
होडीत माणसे ६. नावाडी धरून.
जॅकेट घातल्याशिवाय चढू नये.
वारा सुटल्यास फेरी बंद.

२. होडीवर ६ असे लिहिले आहे, नावाडी धरून. तुम्ही ९ जण आहात, नावाडी वेगळा. एका फेरीत तुमच्यापैकी किती जण बसतील? किती फेऱ्या कराव्या लागतील? पाटीवर हिशेब मांडा.

३. मावशींनी नावाड्याला काय काय विचारले? आठवून लिहा.

४. एका फेरीचे भाडे वाचते, म्हणून तुमचे पाहुणे सगळ्यांना एकाच होडीत बसवा म्हणतात. तुम्ही त्यांना काय सांगाल? दोन ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.