शब्दओळख : ‘डीप’ म्हणजे नुसतेच खोल नव्हे

इंग्रजी शिकणारी आपली मुले ‘डीप’ या शब्दाला ‘खोल’ हा एकच अर्थ चिकटवतात आणि ‘डीप स्लीप’चे भाषांतर ‘खोल झोप’ असे करून येतात. मराठीत झोप गाढ असते, श्वास दीर्घ, लाल रंग गडद, आवाज भारदस्त आणि अभ्यास सखोल. इंग्रजी हे सारे एका ‘डीप’वर भागवते. (इथे आपली भाषा श्रीमंत आहे, असे म्हणायला हरकत नाही.)

खरी पंचाईत विरुद्धार्थी शब्द लिहिताना होते. ‘डीप’च्या उलट ‘शॅलो’ हे मुलांना पाठ असते, पण ते पाणी, भांडे, श्वास यांना चालते. झोप आणि रंग यांना ‘लाइट’ लागते, आवाजाला ‘हाय’.

मापातही गंमत आहे. कपाट ‘दोन फूट डीप’ म्हणजे दारापासून मागच्या फळीपर्यंत दोन फूट. ‘नी-डीप’ म्हणजे गुडघाभर. पण कोणाचा गुडघा? बापाला गुडघाभर असलेले पाणी दोन वर्षांच्या बाळाच्या कमरेच्या वर जाते. पालकांनो, पोहण्याच्या तलावाकाठी ‘डीप’ अशी पाटी दिसली तर तिच्यावरचा आकडाही मुलांना वाचायला शिकवा. नुसत्या शब्दावरून पाणी किती ते कळत नाही.

शोकसंदेश लिहिताना नामाआधी ‘डीप’ येते, विशेषणाआधी ‘डीपली’ : ‘डीप सिंपथी’, पण ‘डीपली ग्रेटफुल’. स्पेलिंगमधल्या दोन ‘ई’च्या जागी एक ‘आय’ पडला की ‘डिप’ होते, म्हणजे बुडवणे. दुःखाच्या घरी जाणारे पत्र एकदा तपासून पाहावे.

संत लूकच्या शुभवर्तमानात (५:४) येशू सिमोनाला होडी खोल पाण्यात न्यायला सांगतो. लॅटिनमध्ये ते शब्द ‘दुक इन आल्तुम’ असे आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ६ जानेवारी २००१ रोजीच्या आपल्या प्रेषितीय पत्रात तेच घेतले. यातल्या ‘आल्तुस’ या मूळ शब्दाचा अर्थ खोल असा होतो आणि उंच असाही! इंग्रजीतही ‘डीप सी’ म्हणजे खोल समुद्र, तर कोणत्याही एका देशाच्या हद्दीबाहेरच्या समुद्राला कायद्याच्या भाषेत ‘हाय सीज’ म्हणतात.