रात्री हाताला मुंग्या येतात?

तळवड्याच्या कामगाराचे दुखणे म्हटले की प्रेसमध्ये सापडलेले बोट नाहीतर डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण, असेच आपल्या डोळ्यांसमोर येते. पण येथे सॉफ्टवेअर पार्क झाला, कारखान्यांच्या कचेऱ्यांतील चलने, हजेरी, मालाच्या नोंदी संगणकावर गेल्या आणि दवाखान्यात डेटा एंट्री ऑपरेटर हा नवा रुग्ण येऊ लागला. त्याला जखम नसते, रक्त येत नाही. त्यामुळे घरचे म्हणतात, ‘बसून तर काम आहे!’

हे दुखणे तसे जुनेच. रामाझिनी या इटालियन वैद्याने १७१३ साली कारकुनांच्या व्याधींची कारणे लिहून ठेवली आहेत: सतत बैठक, हाताची एकच हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. आजच्या ऑपरेटरला ही तिन्ही लागू पडतात.

मान आणि खांदा दुखण्याचे कारण पुष्कळदा संगणक नसून कागद असतो. ज्यावरून आकडे भरायचे तो कागद टेबलावर डावीकडे आडवा पडलेला, उजवा हात आकड्यांच्या बटणांवर. म्हणजे मान दिवसभर वाकडी आणि खाली. कागद पडद्याशेजारी, त्याच उंचीवर उभा करावा. पुठ्ठा आणि चिमटा पुरतो. कोपर टेबलाच्या पातळीत येईल इतकी खुर्ची उंच करावी आणि पाय लोंबू लागल्यास खाली पाट ठेवावा. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, वीसेक फुटांवर पाहावे.

मात्र एका तक्रारीबाबत वेळ घालवू नये. अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना मुंग्या येतात, रात्री झोपमोड होते, हात झटकला की बरे वाटते आणि करंगळी मात्र ठीक असते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दाबली जाते. दोन्ही हातांचे पंजे पाठीला पाठ लावून मनगटे वाकवून मिनिटभर धरा. मुंग्या आल्या तर संशय बळावतो.

येथे सगळा दोष की-बोर्डला देणे बरोबर नाही. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, गरोदरपण हीदेखील महत्त्वाची कारणे आहेत, आणि हा विकार स्त्रियांत अधिक. कचेरीतून आल्यावर कणीक मळणे आणि कपडे पिळणे त्याच मनगटाला करावे लागते, ते वेगळेच. म्हणून रक्तातील साखर व थायरॉईड तपासून घ्यावे. गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो.

‘ताकदीचे इंजेक्शन द्या’ हा हट्ट नको. दाबलेली नस त्याने सुटत नाही. सुरुवातीला मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री झोपताना काही आठवडे बांधल्याने पुष्कळांना आराम पडतो. पण बोटे सतत बधिर राहू लागली, हातातून कप सुटू लागला, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर पट्ट्यावर विसंबू नये. तेथील स्नायू एकदा झिजला की शस्त्रक्रियेनंतरही पूर्ववत होईलच असे नाही. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा ई.एस.आय.चे कार्ड असल्यास चिंचवडला मोहननगरच्या रुग्णालयात त्याच आठवड्यात हात दाखवावा.