इंजिनाचें हेड : घरचें काम कोणतें व कारखान्याचें कोणतें

पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना स्थापन झाला. पुढें अनेक विहिरींवर मोटेच्या जागीं डिझेल इंजिन आलें. विजेचे पंप आतां पुष्कळ झाले असले, तरी वीज वेळेवर मिळत नाहीं तेथें पिकाची भिस्त अद्याप इंजिनावरच असते. ऐन वैशाखांत इंजिनाचा दाब गेला म्हणजे उभा ऊंस वाळूं लागतो, आणि घाईनें नवें हेड आणण्याकडे मन धांवतें. परंतु आधीं तपासणी करावी.

हेड म्हणजे सिलिंडरचें झांकण. हवा घेणारा व धूर सोडणारा असे दोन व्हॉल्व्ह त्यांतच असतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाणी काढून टाकावें, आणि नट एकदम न सोडतां समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करावे. काजळी लांकडी पट्टीनें खरवडावी. नंतर व्हॉल्व्हच्या बाजूच्या वाटेचें तोंड वर येईल असें हेड ठेवून त्या वाटेंत रॉकेल ओतावें. कांहीं मिनिटांत तें व्हॉल्व्हच्या कडेनें झिरपलें, तर बैठक बिघडली असें समजावें.

बैठकीवर नुसते बारीक डाग असल्यास काम घरचें आहे. व्हॉल्व्हला घासण्याचा मलम लावून तो मागेंपुढें फिरवावा. सभोंवार अखंड, एकसारखी करडी कडी दिसली कीं थांबावें. मलमाचा कणही मागें राहूं देऊं नये, कारण तो सिलिंडर खातो.

पुढील तीन दोषांत मात्र हेड कारखान्यांतच न्यावें. पहिला, बैठकींत खोल खड्डे किंवा व्हॉल्व्हचा दांडा गाइडमध्यें खेळणें. दुसरा, दोन बैठकांमधील बिडाला गेलेली चीर. तिसरा, हेडचा तळ वांकणें. सरळ पट्टी आडवी ठेवून खालीं फीलर गेज घातला असतां हें कळतें. फट पुस्तकांतील मर्यादेहून अधिक असल्यास यंत्रावर तळ घासून घ्यावा. कानशीनें तो कधींही घासूं नये. घासल्यावर पिस्टन व हेड यांमधील अंतर मोजल्यावांचून इंजिन सुरू करूं नये, नाहींतर पिस्टन आपटेल. मोटार व ट्रॅक्टर यांसही हाच नियम लागू आहे.

जोडतांना गॅस्केट नवेंच घालावें. नट तिरपे, समोरासमोरचे, दोनतीन फेऱ्यांत पुस्तकांतील मापापर्यंत आवळावे व शेवटीं टॅपेटचें अंतर लावावें.

इतकें करूनही कारण न काढल्यास दोष पुन्हां येतो. खाऱ्या विहिरीच्या पाण्यानें हेडच्या आंतील पोकळींत क्षार सांचतो, पाणी फिरेनासें होतें व बीड एका जागीं तापून फुटतें. म्हणून हेड उघडलें कीं त्या वाटा अवश्य साफ कराव्या. आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी कदापि ओतूं नये.