जनावरांची रोगप्रतिकारशक्ती व हंगामापूर्वीचे लसीकरण



पोळा झाला की आपल्याकडे हंगामाची चाहूल लागते. मुकादम टोळ्या बांधतात, गाडीवान टायरगाड्या दुरुस्त करून घेतात, बैलांना पत्र्या ठोकल्या जातात. बाहेरची तयारी सगळी होते. पण बैलाच्या अंगातली तयारी बऱ्याच ठिकाणी राहून जाते. हंगामात गावोगावची जनावरे एका तळावर येतात, एका हौदावर पाणी पितात. एखाद्या बैलाने रोग आणला की तो अख्ख्या तळावर फिरतो. बैल बसला की गाडी बसते, आणि घेतलेली उचल मात्र डोक्यावर तशीच राहते. सबब, शरीर रोगाशी कसे लढते आणि लस वेळेवरच का टोचावी, हे या लेखात समजावून घेऊ.

शरीराची राखण

रोगजंतूला पहिली अडवणूक कातडीची, नाका-तोंडातल्या शेंबूड-लाळेची आणि पोटातल्या आंबट रसाची. हे कुंपण ओलांडून जंतू आत शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळू लागतात. ताप येतो, तोही या लढाईचाच भाग. ही पहिली फळी झटपट धावते. पण समोर कोण आहे हे ती बारकाईने ओळखत नाही, येईल त्याला झोडपते.

दुसरी फळी सावकाश उठते, पण नेमकी मारते. विशिष्ट पांढऱ्या पेशी त्या जंतूची ठेवण ओळखतात आणि त्याच्यावर बरोबर बसतील अशी प्रतिपिंडे तयार करतात. कुलपाला जशी एकच किल्ली, तसे हे काम. घटसर्पाचे प्रतिपिंड फऱ्याला चालत नाही. काही पेशी रोग शिरलेल्या पेशींनाच मारून टाकतात. या सगळ्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात जोरकस रोग जनावराला लोळवून मोकळा होतो.

लागण आणि खोडवा

पण एकदा लढाई झाली की काही पेशी त्या शत्रूची आठवण धरून राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर तयारीला आठवडे लागत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिली लढाई म्हणजे लागण आणि दुसरी म्हणजे खोडवा. लागणीला नांगरट, सरी, बेणे, सगळे नव्याने करावे लागते. खोडव्याची मुळी जमिनीत असतेच, कोंब लगेच वर येतो. फरक एवढाच, की उसाचा खोडवा साधारणपणे उत्पादन कमी देतो, शरीराचा खोडवा मात्र लागणीपेक्षा भारी निघतो.

लस म्हणजे दुसरे काही नाही, रोग न होऊ देता केलेली ही लागणच. मारलेला किंवा कमजोर केलेला जंतू टोचायचा, शरीराला त्याची ओळख पटवायची. उसाला ही सोय नाही. त्याच्या अंगात प्रतिपिंडे नाहीत, म्हणून काणी आणि गवताळ वाढीसाठी आपण उष्ण बाष्प प्रक्रियेचे निरोगी बेणे आणि प्रतिकारक वाण वापरतो. जनावराच्या बाबतीत मात्र निसर्गाने आठवणीची देणगी दिली आहे. ती वापरायची की नाही, हे आपल्या हाती.

बुळकांडी कशी गेली

जुन्या जाणत्यांना बुळकांडी आठवत असेल. गावेच्या गावे बैलाविना पडायची. या रोगाच्या संशोधनाचा आपल्या राज्याशी जुना संबंध आहे. जनावरांच्या रोगांचा अभ्यास करणारी शाही प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यातच सुरू झाली. रोगाचे जंतू दाट वस्तीपासून दूर हाताळावेत म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. तेथे १९२०च्या दशकात एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू शेळ्यांच्या अंगातून पुन्हा पुन्हा काढून गुराढोरांसाठी सौम्य केला व लस मिळवली. पुढे प्लोराइट या शास्त्रज्ञाने आफ्रिकेत पेशींवर वाढवलेली अधिक सुरक्षित लस तयार केली. आपल्या देशात १९५४ पासून निर्मूलनाची मोहीम चालली, २००६ मध्ये देश बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सगळ्या जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर लसीने नाहीसा झालेला हा दुसराच रोग.

यात दोन गोष्टी जमून आल्या. एक, या विषाणूचा वाण एकच, त्यामुळे एकदा आलेली प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिके. दुसरी, कळपातली बहुतेक जनावरे टोचली गेली की विषाणूला पुढचे घर सापडेना. म्हणजे शेजाऱ्याच्या दावणीची लस आपल्याही दावणीला राखते.

लाळ-खुरकूत दर सहा महिन्यांनी का?

लाळ-खुरकुताचे तसे नाही. आपल्या देशात त्याचे ओ, ए आणि आशिया-१ असे तीन प्रकार फिरतात. एकाची आठवण दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. म्हणून लसीत तिन्ही घालावे लागतात, आणि तिचा असर काही महिन्यांतच उतरतो. पहिल्यांदा टोचलेल्या जनावराला महिन्याने दुसरी मात्रा आणि मग दर सहा महिन्यांनी, असा नेम आहे. थोराड बैल या रोगाने सहसा मरत नाही. पण खूर फुटतात, नंतर उन्हात धापा टाकतो, ओढीला पूर्वीसारखा राहत नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस आली आहे.

लम्पीने काय शिकवले

लम्पी देशात प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला आणि २०२२च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर पसरला. बाजार बंद झाले, पोळाही घरच्या घरी करावा लागला. चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड हा रोग पसरवतात. माणसाला तो होत नाही. दगावलेल्या ओढकामाच्या बैलामागे शासनाने त्या वेळी २५ हजार रुपये मदत दिली. पण तेवढ्यात उमदा बैल येत नाही, हे गाडीवानाला सांगायला नको.

तेव्हा लम्पीची खास लस हाती नव्हती, म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचली. दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले. भावाला ओळखणारी फौज भावकीलाही थोडीफार ओळखते. राज्यात एक कोटीहून जास्त जनावरांना ती दिली गेली. त्याच वर्षी हिसार व इज्जतनगरच्या संस्थांनी रांचीकडे सापडलेल्या विषाणूपासून खास लम्पीची लस तयार केली आणि तिचे तंत्र डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला दिले गेले.

"लस टोचूनही लम्पी आलाच की," असे काही जण म्हणतात. तो का आला, हे पाहा:

१) साथ गावात आल्यावर लस टोचली. पूर्ण ताकद यायला सुमारे तीन आठवडे लागतात. मधल्या काळात रोग गाठू शकतो.
२) लस २ ते ८ अंश तापमानात राहिली नाही. उन्हात पिशवीत फिरलेली लस म्हणजे नुसते पाणी.
३) जनावर आजारी, जंतांनी पोखरलेले किंवा उपाशी होते. फौज उभारायला पोटात काही हवे.
४) आठवण असली तरी सौम्य गाठी येऊ शकतात. जनावर वाचले, हाच लसीचा गुण.

वासराचा चीक

गाईच्या पोटातून वासराला प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती सगळी चिकातून मिळतात, आणि वासराचे आतडे ती जेमतेम पहिला एक दिवस आत घेते. म्हणून पहिल्या तासा-दोन तासांत वासराला चीक पाजावा, दिवसभरात वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका. खरवस वासराचे पोट भरल्यावर! ही उसनी फौज काही महिने राखते आणि तोवर लसीलाही खाऊन टाकते. त्यामुळे लाळ-खुरकूत व लम्पीची लस वासराला साधारण चौथ्या महिन्यापासून टोचतात.

हंगामापूर्वी काय करावे

घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी. जंताचे औषध लसीच्या दोन आठवडे आधी पाजावे. लाळ-खुरकूत व लम्पीची लस गाडी तळावर जाण्याच्या किमान एक महिना आधी पुरी व्हावी, म्हणजे पोळ्याच्या सुमारास कामाला लागावे. दोन लसींत किती अंतर ठेवायचे ते पशुवैद्यकांना विचारावे. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात गर्भपाताच्या, म्हणजे ब्रुसेलोसिसच्या रोगाची लस एकदाच द्यावी. हा रोग माणसालाही होतो.

लस दिल्यावर बैलाला दोन-चार दिवस जुंपू नये. टोचल्या जागी गाठ येते, अंग थोडे तापते, दूध एक-दोन दिवस घटते. त्याने घाबरू नये. बाजारातून आणलेले जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे. कानातला बिल्ला काढू नये, लसीची नोंद त्याच क्रमांकावर असते.

आपल्या परभणी जिल्ह्यात १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि लाल कंधारी, देवणी यांसारखी नावाजलेली जनावरे आपल्या दावणीला आहेत. त्यांची राखण अंगातच आहे, तिला वेळेवर जागे करणे एवढेच आपले काम. प्रत्येक गटातील सभासदांनी, गाडीवानांनी व मुकादमांनी पोळ्याआधी जनावरांची यादी करून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी, म्हणजे एकाच फेरीत सगळी दावण टोचून होईल. एकही जनावर मागे ठेवू नये, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी